गुंड्याला दहा महिने आईबाबांकडे ठेवायचंय, सवय कशी लावू?

कोलशेतची मीनल
आमचा कुत्रा गुंड्या सहा वर्षांचा, गावठी, माजिवड्याच्या पुलाखाली भर पावसात सापडलेला. मी आणि नवरा दिवाळी झाली की दहा महिने फिरायला निघतोय, नेपाळ, व्हिएतनाम आणि शेवटी जपान, त्यासाठी कितीतरी वर्षं पैसे साठवलेत. त्याला सोबत न्यायचं बघितलं होतं, पण नुसत्या जपानसाठी मायक्रोचिप, रेबीजची दोन इंजेक्शनं, मग रक्ताची टेस्ट आणि त्यानंतर १८० दिवस थांबायचं, शिवाय दर वेळी पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात ठेवायचं, ते माझ्याने होणार नाही. म्हणून ऐरोलीला आईबाबांकडे ठेवतोय. बाबा रिटायर झालेत, त्यांचा जीव आहे त्याच्यावर.

परवा माळ्यावरून जुनी सॅक काढली, फक्त चेन चालते का बघायला, तर हा येऊन सॅकवरच बसला, जेवायला हाक मारली तरी उठेना. तेव्हापासून मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर येऊन पडतो. मला रात्री झोप लागत नाहीये. एकदम सोडून जाऊ की आधीपासून थोडं थोडं? आणि तिकडून व्हिडिओ कॉल करावा का?

कोपरखैरणेकर
थोडं थोडंच. आम्ही आमच्या कुत्रीला दीड महिना आधीपासून सासूबाईंकडे ठेवायला लागलो, आधी दुपारभर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. महत्त्वाचं म्हणजे तिथे असताना जेवण आणि फिरवणं सगळं त्यांनीच केलं, आम्ही सोफ्यावर नुसते बसून. त्याची चादर न धुता द्या. सॅक रोज बाहेर दिसू दे, म्हणजे सॅक दिसली की माणूस जातोच असं त्याला वाटणार नाही.
कॉलचं म्हणाल तर आमची आवाज ऐकून फोनच्या मागे जाऊन शोधायची आणि मग संध्याकाळभर दारात. आम्ही बंद केलं, सासूबाई ती झोपली की फोटो पाठवायच्या.

सेक्टर आठ
मीनलताई, मी आईबाबांच्या बाजूने बोलतो, माझं वय ६८, मुलाचा लॅब्रॅडोर वर्षभर माझ्याकडे होता. मांजर दिसलं की त्याने असा हिसका दिला की मी रस्त्यावर पडलो, मनगट फ्रॅक्चर. गळ्यातला पट्टा नको, छातीचा बेल्ट घ्या आणि सकाळच्या फेरीला एखादा मुलगा ठरवा.
तुम्ही नसताना अख्खा पावसाळा येणार, त्यात गोचीड. जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, गोचीड चावून होणाऱ्या टिक फीव्हरमध्ये प्लेटलेट फार पटकन उतरतात. आणि घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कुत्र्याला कधीही द्यायची नाही, हे फ्रिजवर लिहून चिकटवा, आम्ही म्हातारी माणसं काळजीपोटी देऊन बसतो.
नवी मुंबई पालिकेचं लायसन्स ऐरोलीच्या पत्त्यावर करून घ्या. लिफ्टवरून कुणी वाद घातला तर जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, त्याची प्रिंट बाबांकडे असू द्या.

नेरूळची स
बाकी सगळं वर आलंच आहे. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मी दोन वर्षं बाहेर होते तेव्हा आमचा मोती गेला. घरच्यांनी मला अकरा दिवस सांगितलं नाही, मला त्रास नको म्हणून. मी रोज विचारत होते जेवला का आणि आई हो म्हणत होती. आईला दोष देत नाही, पण ते अकरा दिवस मला अजून टोचतात. आजारी पडला तर लगेच सांगायचं, ऑपरेशनची वेळ आली तर कोणी ठरवायचं, पैसे कुठून काढायचे, हे निघायच्या आधी समोर बसून बोल. डॉक्टरांकडेही बाबांचं नाव आणि नंबर लिहून ठेव. बोलताना रडू येईल, येऊ दे.

कोलशेतची मीनल
सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळची स, तुझं वाचून मी लगेच आईला फोन केला, ती आधी 'असलं अभद्र बोलू नकोस' म्हणाली, मग गप्प झाली, मग म्हणाली सांगेन. शनिवारी पहिल्यांदा रात्रभर ठेवतोय, चादर न धुताच नेते. काका, तुमचं मनगट आता बरं आहे ना? आणि छातीचा बेल्ट कुठल्या मापाचा घेऊ, गुंड्या १९ किलोचा आहे पण छाती अरुंद आहे, आधी एक घेतला होता त्यातून तो मागे सरकून सुटला होता.