जीटी सुटायच्या आधी

ग्रुप : दौलतगंजची मंडळी

मुक्ता : सगळ्यांना नमस्कार. चेन्नईच्या ओटीएचं, म्हणजे सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीचं, जॉइनिंग लेटर आल्याचं तुम्हाला कळलंच आहे, आईने एकच फोटो तीनदा टाकलाय. आता माझं काम. शिंद्यांच्या फौजेच्या १८४३ मधल्या इंग्रजांशी झालेल्या लढायांवरच्या पुस्तकाची आठ प्रकरणं तयार आहेत, नववं अर्धवट आहे. जीटी एक्सप्रेसने निघायच्या आधी सगळं पुण्याला प्रकाशकाकडे गेलं पाहिजे, कारण तिकडे सुरुवातीला फोनसुद्धा हातात नसतो. एकेक प्रकरण एकेकाला पाठवते. कौतुक नको, चुका काढा.

मंदामामी : अगं पण ओटीए तर आपल्या ग्वाल्हेरलाच आहे ना? मी स्वतः बोर्ड वाचलाय. मग एवढ्या लांब मद्रासला कशाला?

विजूकाका : मंदाताई, ती एनसीसीची. शाळा-कॉलेजांत एनसीसी चालवणाऱ्या बाया असतात ना, त्यांचं ट्रेनिंग इथे होतं. मुक्ताची सैन्याची, सेंट थॉमस माउंटची. ४९ आठवडे.

मंदामामी : अरे देवा. म्हणजे पुढच्या गणपतीला आरतीत टाळ कोण वाजवणार?

आई : टाळांचं नंतर बघू. रात्री दोनपर्यंत हिच्या खोलीत दिवा, आणि पाचला उठून मेळ्याच्या मैदानावर पळायला जाते. डोळे बघा एकदा कोणीतरी तिचे. पुस्तक काय, आल्यावर लिही म्हटलं तर ऐकत नाही.

विजूकाका : वहिनी, आल्यावर हा शब्दच सोडा. एकदा कमिशन मिळालं की आर्मी रूल २१ लागतो. सैन्याच्या विषयावर काही छापायचं तर आधी वरून मंजुरी. १८४३ ची लढाई त्यात येत नाही असं तुम्ही-मी म्हणू, पण विचारावं लागतंच, आणि विचारायला गेलेला कागद कोणाच्या टेबलावर जाऊन बसेल याचा नेम नसतो. आत्ता ती सिव्हिलियन आहे. आत्ताच उरकू दे.

शुभाआत्या (इंदूर) : मुक्ता, प्रकरण ४ वाचलं. भाषा छान, पण माणसांची गर्दी फार. दादा खासगीवाले, मामासाहेब, ताराबाई… कोण कोणाच्या बाजूचं तेच कळेना. आणि ताराबाई म्हणजे कोल्हापूरच्या नव्हेत ना?

मुक्ता : नव्हेत आत्या. ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे फेब्रुवारी १८४३ मध्ये वारले, मागे मूल नाही. ताराबाई त्यांच्या राणी, वय बारा-तेरा. दत्तक घेतलेले जयाजीराव आठेक वर्षांचे. म्हणजे गादीवर पोर आणि पडद्यामागे पोरच. कारभार मामासाहेबांनी बघावा हे इंग्रजांना हवं होतं. दरबाराने त्यांना काढलं आणि दादा खासगीवाले आले. मग गव्हर्नर जनरल एलेनबरो म्हणाला, दादांना आमच्या स्वाधीन करा. केलं. तरी फौजा यायच्या त्या आल्याच.

शुभाआत्या (इंदूर) : हे जसं आत्ता लिहिलंस ना, तसंच्या तसं पुस्तकात घाल. तिथे दीड पान घेतलंयस.

मुक्ता : घातलं. दीड पान गेलं.

चिन्मय (पुणे) : मी प्रकरण ६ वाचलं, महाराजपूरची लढाई. हत्तींवरच्या बायकांचा प्रसंग सगळ्यात भारी आहे. माझं ऐक, पुस्तक तिथूनच सुरू कर.

मंदामामी : कोणत्या बायका?

चिन्मय (पुणे) : इंग्रज सेनापती गफ, त्याची बायको आणि मुलगी, शिवाय त्याच्या हाताखालचा अधिकारी हॅरी स्मिथ याची बायको, सगळ्या हत्तींवर बसून फौजेबरोबर चालल्या होत्या. मराठे चौंड्याला आहेत अशी गफची समजूत. पण मराठ्यांनी रातोरात पुढे सरकून महाराजपुरात तोफा मांडलेल्या. २९ डिसेंबरच्या सकाळी गोळे थेट यांच्यावर! नंतर एलेनबरोने या बायकांना सोन्याचे तारे दिले.

मंदामामी : बाई बाई! लढाईला जाताना बायको-पोरगी घेऊन? जेवणाचे डबे पण होते का?

मुक्ता : चिन्मय, प्रसंग भारी आहे हे मलाही माहीत आहे. म्हणूनच तो सहाव्या प्रकरणात आहे. पहिल्या पानावर त्या हत्ती घेऊन आल्या की पुस्तक त्यांचंच होतं. पहिलं पान शिंद्यांच्या गोलंदाजांचं. इंग्रज पलटणी अंगावर आल्या तरी त्यांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफेपाशीच तलवारीने लढले आणि तिथेच पडले. आणि त्या सोन्याच्या ताऱ्यांखेरीज इंग्रजांनी आपल्या गोऱ्या-काळ्या शिपायांना जे वाटले ते तारे कशाचे माहीत आहे ना? जिंकलेल्या तोफा वितळवून केलेले. आपले गोलंदाज ज्या तोफा ओढत होते, त्याच दुसऱ्यांच्या छातीवर. मला ते आधी सांगायचंय.

चिन्मय (पुणे) : ओके. हरलो.

विजूकाका : आता माझं. मी नववं प्रकरण वाचलं आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. तू लढाईनंतरच्या तहावर थांबतेयस. जानेवारी १८४४. अगं, खरी गोष्ट तिथून सुरू होते! तहाने शिंद्यांची फौज कापली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची वेगळी फौज, कंटिन्जंट, वाढवली, खर्च मात्र शिंद्यांचा. तीच कंटिन्जंट १४ जून १८५७ ला मुरारला उठली. पुढच्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणी इथे आले, जयाजीरावांची फौज त्यांना मिळाली, आणि राणी इथेच कोट्याच्या सरायला पडली. फुलबागेतल्या समाधीशिवाय ग्वाल्हेरवरचं पुस्तक कोण विकत घेणार? एवढं लिहिलंस तर अजून दोन प्रकरणं लिही.

आई : भावजी!! दोन प्रकरणं??

मुक्ता : काका, लिहायला मला आवडेलच. पण ती दुसरी फौज. महादजींनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून ज्या कवायती पलटणी बांधून घेतल्या, त्यांचा वारसा सांगणारी फौज एका दिवसात दोन ठिकाणी कशी मोडली, एवढाच माझा विषय आहे. सकाळी महाराजपूर, त्याच दिवशी तिकडे दक्षिणेला पनिहार. ५७ मध्ये मुरारला उठली ती इंग्रजांनी उभी केलेली पलटण होती. तिचं दुःख वेगळं, तिचं पुस्तकही वेगळं. आणि राणीवर लिहिणारे खूप आहेत. पनिहारच्या टेकड्यांवर कोण लढलं हे शिवपुरी रोडने रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

विजूकाका : पण मग शेवट कसा पडेल? तह म्हणजे नुसती कलमं. वाचक जांभया देईल.

चिन्मय (पुणे) : नानांचा व्हॉइस मेसेज आलाय मला, ग्रुपवर टाकता येत नाही म्हणतात. लिहून काढतो :
“मुक्ता, विजूचं ऐकू नकोस. तहातली कलमं कंटाळवाणी नाहीत, तू ती कंटाळवाणी लिहिली आहेस. प्रस्तावनेसारखं लांबण लावलंस. नऊ हजारांवर फौज नको, त्यात पायदळ तीन हजारच, तोफा बत्तीस. एकट्या महाराजपुरात छप्पन्न तोफा हातच्या गेल्या आणि तहात उरल्या बत्तीस. हे दोन आकडे शेजारी ठेव आणि पेन खाली ठेव. दुसरं काही लिहू नकोस. आणि पान १७ वर रफार कुठेही फिरतायत.”

मुक्ता : नाना, नमस्कार करते इथूनच 🙏 असंच करते.

चिन्मय (पुणे) : रफारांचं माझ्यावर सोड. जुन्या फॉन्टमधून युनिकोड करताना झालंय. ‘वर्ष’ चं ‘वषर्’, ‘सर्व’ चं ‘सवर्’. शोधा-बदला करून अर्धे निघतील, उरलेले डोळ्यांनी काढावे लागतील. नाना भिंग लावून काढतायत तसे.

शुभाआत्या (इंदूर) : मला पाच ते आठ पाठव. माझ्या चष्म्याचा नंबर नवीन आहे, मी रफारच शोधते.

चिन्मय (पुणे) : आणि एक गंमत. पुस्तक छापलं की प्रकाशकाला कायद्याने एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, आणि एक चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला.

मुक्ता : म्हणजे मी ओटीएच्या परमेश्वरन् ड्रिल स्क्वेअरवर टाचा आपटत असेन आणि पुस्तक एसीत बसलेलं असेल! कलकत्त्याला गेलं तरी बरंय. तिथे हुगळीकाठी याच लढायांचं इंग्रजांनी बांधलेलं स्मारक आहे. त्याच शहरातल्या वाचनालयात आपली बाजूही राहू दे.

मंदामामी : हे सगळं ठीक. पण बेसनाचे लाडू करू का डिंकाचे? जीटीला तीन डबे चालतील ना?

आई : बेसनाचे. आणि एकच डबा, तिला सामान स्वतः उचलायचंय.

मुक्ता : नववं प्रकरण पुन्हा लिहिलं. चार पानांची दीड पानं झाली. शेवटच्या ओळीत फक्त दोन आकडे आहेत. नाना, चिन्मय वाचून दाखवेल फोनवर.

चिन्मय (पुणे) : दाखवलं. नाना म्हणाले, “हं.”

शुभाआत्या (इंदूर) : नानांच्या भाषेत ते डिस्टिंक्शन आहे 😄

विजूकाका : मीही वाचलं. तहावर थांबतेयस तर थांब. ५७ पोस्टिंगवर असताना डोक्यात ठेव, रिटायर झालीस की लिही, तोवर मी आहे. पण पुण्याला पाठवायच्या आधी नकाशा नीट कर. पान ६२. गफ उत्तरेकडून चंबळ ओलांडून येतोय आणि तुझा बाण त्याला शिवपुरीकडून आणतोय. असा नकाशा घेऊन ओटीएत मॅप रीडिंगला बसलीस तर पहिल्याच तासाला पाठीवर पिट्टूचं ओझं लावून पळवतील.

मुक्ता : बाण उलटा करते. आज रात्री फाइल जाते.

मंदामामी : कुठला बाण? मला तर पान ६२ वर नुसती पिंपळाची पानं दिसतायत.

चिन्मय (पुणे) : मामी, ती टेकड्यांची खूण आहे. तीही बदलतो.