मेकॅनिकल कंबरदुखी: मेटलँड, मलिगन की ‘कट्ट’ आवाज काढणारा हिसका?

ओसरी (प्रश्न):
माझे वय 43, काम हिशेबाचे. दिवसाचे आठ तास खुर्चीतच जातात. गेले चार महिने कंबर दुखते. सकाळी मोजे घालताना वाकवत नाही आणि स्कूटरवर अर्धा तास बसलो की उजव्या कुल्ल्यापर्यंत कळ येते. गुडघ्याखाली मात्र काही नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून, नस दबलेली नाही, दुखणे मेकॅनिकल, म्हणजे सांधे-स्नायूंच्या हालचालीशी निगडित आहे, असे सांगितले. पुढे घोळ झाला तो असा. पहिल्या फिजिओथेरपिस्टनी मला पालथे झोपवून अंगठ्यांनी एकेक मणका दाबला, दुसऱ्यांनी उभे करून कमरेला पट्टा लावून वाकायला सांगितले, तर एका कायरोप्रॅक्टिक केंद्रात कुशीवर वळवून असा हिसका दिला की कट्ट आवाज झाला, आणि ‘मणका जागेवर बसला’ असे म्हणून वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले. आत्याच्या मते ही उसण आहे आणि पायाळू माणसाचा पाय लागला की ती उतरेल. यांतले निवडायचे कशाच्या आधारावर?

निर्गुडी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण वर्णन केलेली पहिली पद्धत ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांची दिसते. तिच्यात दाब लयीत द्यायचा असतो आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: पहिल्या दोन पायऱ्यांत सांधा अडतो तिथवर जायचेच नाही, कारण तिथे हेतू कळ शमवण्याचा असतो, तिसऱ्या-चौथ्या पायरीत त्या अडण्यावरच काम करून ताठरपणा सोडवायचा. कुशीवरचा हिसका हाही त्याच मालिकेतला पुढचा टप्पा समजला जातो. म्हणजे आपण ज्यांना वेगवेगळी दुकाने समजत आहात, ती पुष्कळ अंशी एकाच रस्त्यावर आहेत.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत मात्र खरोखर निराळी आहे. तिच्यात रुग्ण निपचित पडून राहत नाही; पट्ट्याने ओटीपोटाकडचा भाग स्थिर धरून थेरपिस्ट हाताच्या कडेने मणका वरच्या दिशेला सरकवून ठेवतो आणि त्याच वेळी रुग्ण, जी हालचाल दुखते, नेमकी तीच करतो. तेव्हा दुखता कामा नये, ही तिची मुख्य अट. दुखले तर हाताची जागा किंवा दिशा बदलायची, तरीही दुखले तर तो प्रयोग सोडून द्यायचा. मोजे घालताना अडणाऱ्या माणसासाठी मी बहुधा इथूनच सुरुवात करीन, कारण उपयोग होतो की नाही हे पहिल्या बैठकीतच कळते.

चिंचेचा_पार:
आवाजाबद्दल थोडे. मीही त्या ‘कट्ट’वर भाळलो होतो. प्रत्यक्षात सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो आवाज होतो. हाड जागेवर बसण्याशी त्याचा संबंध नाही, आणि आवाज झाला नाही तरी आराम पडू शकतो. मला दोन दिवस छान वाटले आणि तिसऱ्या दिवशी गॅस सिलिंडर सरकवताना पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गवती_चहा:
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून मार्गदर्शक सूचनांपुरते सांगतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये हाताने करायचे उपचार मान्य केले ते व्यायामासह, एकटे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या सूचनांतही तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी मणक्यांवरील हस्तोपचार आणि मालिश यांना जागा आहे. ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ताणणे), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) आणि आधारासाठी कमरेला बांधून ठेवायचा पट्टा यांची मात्र शिफारस नाही. आपल्याकडे बहुतेक क्लिनिकांत नेमकी हीच साधने दर्शनी भागात मांडलेली असतात, हा भाग वेगळा. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा, पाऊल लुळे पडणे, ताप किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर कोणाच्याही हाती पाठ न देता थेट रुग्णालय गाठावे. हाडे ठिसूळ असतील तर हिसका नकोच.

ओसरी:
आभारी आहे. मग दोन फिजिओथेरपिस्टांपैकी कोण बरोबर हे मी कसे ओळखू?

निर्गुडी:
दोघेही बरोबर असू शकतात. टेबलावर चढण्याआधी उभ्याने वाका आणि बोटांची टोके नडगीवर कुठे टेकतात ते पाहा. उतरल्यावर पुन्हा वाका. तीन-चार बैठकांत बोटे खाली सरकली नाहीत, किंवा स्कूटरवरचा अर्धा तास पाऊण तास झाला नाही, तर पद्धत बदलण्यास सांगा. कळ कुल्ल्यातून कमरेकडे मागे सरत असेल तर ते चांगले लक्षण. उलट पायात उतरू लागली तर तो प्रकार त्याच दिवशी थांबवावा. आणि घरी करायचा व्यायाम न सांगता जो पुढची तारीख देतो, त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

ओसरी:
आत्ताच वाकून पाहिले. बोटे गुडघ्याखाली जेमतेम चार बोटे जातात. सोमवारी पट्टेवाल्यांकडे जातो. आत्याने मात्र पायाळू शोधून ठेवला आहे. त्याचे काय करावे?

चिंचेचा_पार:
पाय हलकेच लावणार असेल तर आत्याचे मन मोडू नका. लाथ घालणार असेल तर सोमवारपर्यंत घरी जाऊ नका.