रीफ टँकचं (प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं) पाणी दुधाळ झालंय

विश्रामबाग, सांगली: वाळू जुनीच, मासा एकही मेलेला नाही, तरी पाणी ताकाच्या निवळीसारखं. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. हीटरवर पांढरा खरखरीत थर, नखानंही निघत नाही. पाणी बदलू का?

मिरजेहून: घाई नको. थर आहे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतंय. केएच (पाण्याची क्षारता) मोजा, ८ ते ११ हवा. बफर (केएच वाढवणारं द्रावण) न् कॅल्शियम लागोपाठ ओतू नका. हीटर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये बुडवा.

इस्लामपूर: थर नसता तर जिवाणू वाढलेत म्हटलं असतं. त्यात ऑक्सिजन घटतो, मासे वर येऊन धापा टाकतात. स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) चालूच ठेवा. आणि आपल्याकडची लाइट! बॅटरीचा एअरपंप घेऊनच ठेवा राव.

विश्रामबाग, सांगली: केएच १४ निघाला! डोसिंग पंप (बफर-कॅल्शियम आपोआप सोडणारा) बंद केलाय.