आजारपणाची गैरहजेरी कमी करायची तर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आधी बंद करा

वर्गशिक्षिका
आजारी मुलाला वर्गात आणून बसवण्याचं काम हे बक्षीस करतं, असं माझं ठाम मत आहे. फ्लू झालेलं मूल लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतं. एकाची हजेरी वाचते आणि आठवडाभरात शेजारच्या बाकावरची मुलं अंथरूण धरतात. माझ्या वर्गात एक मुलगी तापाची गोळी घेऊन आली होती. दुसऱ्या तासाला डोकं बाकावर, कपाळ चटका बसावा इतकं गरम, आणि तरी म्हणते, "मॅडम, आधी हजेरी लावा, मग जाते घरी." औषध न घेता २४ तास ताप नसेल तरच शाळेत यायचं, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडेल.

दोन मुलांचा बाबा
ताई, मला हे पटत नाही. प्रत्येक शिंकेला घरी बसायची सवय लागली की ती सुटत नाही. बऱ्याच ठिकाणी १० टक्के दिवस बुडाले की मूल 'सतत गैरहजर' धरतात. वर्षाचे २०० दिवस धरले तर हे झाले २० दिवस, म्हणजे महिन्याला दोनच. इतके दिवस कधी निघून जातात ते कळतही नाही. बीजगणिताचा एक धडा हुकला की पुढचे दोन डोक्यावरून जातात. बक्षिसामुळे निदान अंगात थोडी कणकण असताना मूल उठून तयार तरी होतं.

शाळेतली नर्स
ताप नाही, नुसतं नाक वाहतंय आणि मूल नीट खातंपितंय, तर खुशाल शाळेत पाठवा. इथपर्यंत बाबांचं बरोबर. उलट्या-जुलाब असतील तर मात्र ते थांबल्यावरही ४८ तास घरीच. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण लावून २० सेकंद हात चोळावेच लागतात. आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघा, बेसिनपाशी साबण असतो का!

पण तुम्ही दोघं संसर्गावरच अडून बसलात. माझ्याकडे मुली येतात त्या पाळीत पोट दुखतं म्हणून. दर महिन्याला एक-दोन दिवस बुडतात आणि वहीत कारण लिहिलेलं असतं 'बरं नव्हतं'. प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे गर्भाशय जोरात आकुंचन पावतं, म्हणून ही कळ येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घेतली तर चांगली लागू पडते. मुली मात्र असह्य होईपर्यंत दात ओठ खात बसतात, कारण गोळी मागायची लाज वाटते. दर वेळी शाळा बुडावी इतकं दुखत असेल तर 'होतंच असं' म्हणून सोडून देऊ नका, एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) काही असू शकतं. दम्याचंही तेच. इन्हेलर ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असेल तर त्याचा काय उपयोग? तो मुलाच्या दप्तरातच हवा.

अकरावीतली
झोपेबद्दल कोणीच बोलत नाही. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून आम्हाला लवकर झोप येत नाही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. ती सहा तासांवर आली की सकाळी डोकं ठणकतं, मळमळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलंय की या वयाच्या मुलांची शाळा ८:३० च्या आधी भरू नये.

दोन मुलांचा बाबा
बाळ, शाळा तासभर पुढे नेली की मोबाइलही तासभर जास्त चालेल, दुसरं काय होणार?

अकरावीतली
काका, अमेरिकेतल्या सिएटल शहरात २०१६ साली शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरायला लागल्या. मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढली. मनगटावर यंत्र बांधून मोजलं होतं. तपासलेल्या दोनपैकी एका शाळेत पहिल्या तासाची गैरहजेरीही कमी झाली.

दोन मुलांचा बाबा
मोजून पाहिलं असेल तर मान्य. पण माझ्या भाच्याचं काय करायचं? दर सोमवारी पोट दुखायचं, रविवारी कधीच नाही. तपासण्यांत काही निघालं नाही. घरी ठेवत गेले तसतशी त्याची धास्ती वाढतच गेली. अशा मुलाला शाळेत नेऊन सोडणं हाच उपाय.

शाळेतली नर्स
पोटदुखी खरीच असते, तो नाटक करत नसतो, हे आधी घरातल्यांनी मानायला हवं. कशाची भीती वाटते ते शोधायचं, समुपदेशकाला गाठायचं आणि गरज पडली तर सुरुवातीला दोनच तास बसवायचं. तुमच्या या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, नुसतं घरी ठेवून ते बरं होत नाही.

वर्गशिक्षिका
मलाही पटलं. पण या मुलाचा शंभर टक्के हजेरीच्या प्रमाणपत्राने काय फायदा होतो, ते सांगा. दम्याची मुलगी कितीही झटली तरी ते तिला मिळणार नाही, आणि ज्याला काही आजारच नाही त्याला मिळेल.

दोन मुलांचा बाबा
मग बक्षीस ठेवा आणि आजारपणाची रजा त्यातून वगळा.

वर्गशिक्षिका
वगळायची तर दाखला मागावा लागेल. दोन दिवसांत आपोआप उतरणाऱ्या तापासाठी मुलाला उठवून दवाखान्याच्या रांगेत बसवायचं? त्याला माझी तयारी नाही. त्यापेक्षा बुडालेल्या तासांच्या टिपणांचे फोटो त्याच संध्याकाळी घरी पाठवू. आमच्या वर्गात दोन मुलं आळीपाळीने हे काम करतात.