मदत हवी आहे : गुणाकाराचे अक्षरकोडे अंदाज न लावता कसे सोडवावे?
नमस्कार. सांगलीत सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी अंकांच्या जागी अक्षरे असलेली कोडी शिकवते. बेरजेची कोडी हातच्यावरून उलगडतात: ‘कख + गख = खघक’ यात ख हा हातचा, म्हणजे १; मग २१ + ८१ = १०२. अडचण गुणाकाराची आहे. ‘कखगघत × ४ = तघगखक’ यात क सम हवा आणि उत्तर पाच अंकीच राहावे म्हणून तो २ पेक्षा मोठा नको, तेव्हा क = २ आणि त्यावरून त = ८, इथवर मुले स्वतः पोहोचतात; पुढे मात्र ती अंक बसवून पाहू लागतात, आणि २१९७८ हे उत्तर सापडले तरी तेच एकमेव का, हे त्यांना सांगता येत नाही. ख, घ आणि ग क्रमाने ठरवण्याची, या वयाच्या मुलांना पटेल अशी मांडणी कोणी सुचवाल का?