नगरकोटहून परतताना चांगुनारायण

नेपाळच्या सहलीत काठमांडूजवळच्या नगरकोट या डोंगरावरच्या गावी पहाटे हिमशिखरं बघून थेट काठमांडूला परतावं, असं एकाने सुचवलंय. पहाटेचं पटलं, उन्हं चढली की बऱ्याचदा ढग येऊन लांगटांगची हिमरांग झाकून टाकतात. पण स्वतंत्र गाडी केलीच आहे, तर उतरताना चांगुनारायण हे विष्णूचं जुनं देऊळ अजिबात चुकवू नका. गाडीवाल्याशी आदल्या दिवशीच ठरवून घ्या, ऐनवेळी कुरकुर होते.

देवळासमोर राजा मानदेवाचा इ.स. 464चा शिलालेख आहे, आणि गुडघा टेकून हात जोडलेला दगडी गरुड, गळ्यात नाग. त्याचा चेहरा इतका माणसासारखा आहे की पाय निघत नाही! आवारातला गरुडारूढ विष्णूही शोधा. नेपाळच्या दहाच्या नोटेवर तोच आहे.