एमएलएस प्लेऑफ: गोलांची बेरीज होत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की एमएलएस या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पहिल्या फेरीत सगळ्या सामन्यांतल्या गोलांची बेरीज धरतात. तसं नाही. २०२३पासून तिथे तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात. गोलफरक गेला खड्ड्यात. ९० मिनिटांत बरोबरी झाली की जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. पुढच्या फेऱ्या एकाच सामन्याच्या, तिथे जादा वेळ मिळतो.

२०२४ मध्ये इंटर मायामीने विक्रमी ७४ गुण मिळवून सपोर्टर्स शील्ड (साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाचा किताब) जिंकली आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत पूर्व विभागातल्या नवव्या अटलांटाने त्यांना बाहेर काढलं! तिसरा सामना मायामीच्याच मैदानावर, मेस्सीचा हेडरने गोल, तरी ३-२ हार. साखळीतल्या ३४ सामन्यांची कमाई अशी वाहून जाणं मला अजिबात पटत नाही. वरच्या क्रमांकाला घरचं मैदान मिळतं, एवढाच काय तो फायदा.